न आलेली होडी

होडी आली. चौदा जण बसतील अशी, सौरऊर्जेवर चालणारी, पिवळ्याधमक रंगाची, दोन्ही अंगांना ठळक अक्षरांत 'शाळा' लिहिलेली. रोज सकाळी साडेनऊला तिच्यातून नऊ मुलं नवी धोंडेवाडीच्या काठावर उतरतात, त्यांची दप्तरं कोरडी असतात, आणि गोदा नगरे ही पाचवीतली मुलगी उतरता उतरता आपल्या आईला म्हणते, "आज लई जोरात आणलीस. दगड लागला ना बुडाला."

तर असं काही झालेलं नाही. होडी आलेली नाही. पंचायत समितीच्या दप्तरी तशी नोंद आहे, आणि गोष्ट सांगणाऱ्यानं उगाच सरकारी नोंदीच्या विरोधात जाऊ नये. तेव्हा वरचा परिच्छेद आपण वाचलाच नाही असं धरावं आणि मुकाट्यानं २०३९ सालच्या जूनमध्ये यावं. तिथे होडी नव्हती, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

जुनी धोंडेवाडी धरणाखाली गेली त्याला साठ वर्षं झाली होती, तरी ही वाडी अजून 'नवी'च होती. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस मुलं आणि दोन शिक्षक. मुख्याध्यापिका कल्याणी दुधभाते आणि इंगवले गुरुजी. गुरुजींच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि ते रोज फळ्याच्या कोपऱ्यात उरलेले दिवस लिहायचे. मुलं त्यावरून वजाबाकी शिकली होती.

चौतीसातली नऊ मुलं पाण्यापलीकडून यायची. पलीकडच्या काठावर भोयांची सतरा घरं होती, त्यांना पल्याडवस्ती म्हणत. सरकारी नकाशा ज्या वर्षी झाला त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं होतं, त्यामुळे नकाशात पल्याडवस्तीच्या जागी निळा रंग होता. गोदाचे वडील शंकर नगरे रहिवासाच्या दाखल्यासाठी तहसिलात गेले, तेव्हा कारकुनानं विचारलं, "राहता कुठं?" त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. कारकून म्हणाला, "अहो, हे पाणी आहे." शंकर नगरे म्हणाले, "दिसतंय तसं. पण आत घर हाय."

दाखला मिळाला नाही. दाखला नाही म्हणून मुलं वंचित ठरली नाहीत, वंचित ठरली नाहीत म्हणून त्यांच्यासाठी पैसा आला नाही, आणि पैसा नाही म्हणून होडी नाही. दुधभाते बाई सात वर्षं होडीचा प्रस्ताव पाठवत होत्या. सातही वेळा तो 'दाखले जोडावेत' या शेऱ्यासह परत आला होता. मुलं बापाच्या मासेमारीतून वेळ मिळाला तर नावेतून, नाहीतर ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधून यायची. गोदा गेल्या वर्षी एकसष्ट दिवस आली होती, आणि तेवढ्या एकसष्ट दिवसांत अपूर्णांक शिकून बसली होती.

जूनमध्ये शंकर नगरे बाईंना स्पष्टच म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय, मान्य. पण तिला आणाय-न्यायला माझा अर्धा दिस जातोय. जाळं काय तुमी बघणार? दिवाळीपत्तूर बघतो. मग बसंल घरी, धाकट्याला सांभाळंल."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवाळी शोधली. नोव्हेंबरच्या मध्यावर होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात यंत्र आलं.

यंत्राची हकिकत अशी. माणसाच्या उच्छ्वासात नुसती हवा नसते. शरीरात जे चाललेलं असतं त्याच्या खुणा शेकडो बारीक बारीक वायूंच्या रूपानं श्वासाबरोबर बाहेर पडतात. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळायला घेतं, मग श्वासात ॲसिटोन वाढतं. घरात चुलीचा धूर असला की कार्बन मोनॉक्साइड रक्तात जाऊन बसतो आणि सकाळपर्यंत थोडा थोडा श्वासातून निघत राहतो. अपुरी झोप, सतत मनावर असलेला ताण, यांचेही आपापले वास असतात. आपल्या नाकाला ते कळत नाहीत, संवेदकाला कळतात. हे संवेदक मुळात दूधसंघासाठी तयार झाले होते. व्यालेल्या म्हशीची शक्ती कमी पडतेय का, हे तिच्या उच्छ्वासावरून ओळखायचं. ते इतकं बिनचूक निघालं की कुणाच्या तरी मनात आलं, म्हशीला दाखला मागत नाही आपण, मग पोरांना का मागतो?

त्यातून 'श्वास योजना' निघाली. कागद नको, दाखला नको, शिफारस नको. यंत्र प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खासगी, एकवीस दिवस राहणार, मुलं रोज सकाळी त्यात फुंकणार, शेवटी शून्य ते शंभर असा शाळेचा उणीव-अंक निघणार. अंक जितका मोठा तितकी मदत आधी. गोठ्यातून वर्गात येताना यंत्रात दोनच बदल झाले. रंग आकाशी केला आणि नळी लहान केली.

बाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की हे होणार. नकाशा खोटं बोलेल, कारकून बोलेल, पण गोदाचा श्वास कसा खोटं बोलेल? त्यांनी होडीचा प्रस्ताव आठव्यांदा पाठवला. तालुक्यातून त्या वर्षी दुसऱ्या कुणी प्रस्तावच पाठवला नव्हता. बाकीच्या शाळांनी सात वर्षांच्या आतच शहाणपण मिळवलं होतं.

आता इथे इंगवले गुरुजींचा स्वभाव सांगणं भाग आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या शाळेवर एकही वाईट शेरा नव्हता. तपासणीच्या आदल्या आठवड्यात ते वेगळेच होत. शेजारच्या शाळेतून बाकं उसनी आणत, मुलांची नखं स्वतः कापत, घरोघरी जाऊन आयांना सांगत की पोरं तेल लावून पाठवा.

"गुरुजी, हे यंत्र आहे," बाई म्हणाल्या. "साहेब नाही."

"बाई, तपासणी ती तपासणी. माणूस येवो नाहीतर डबा. गावाची अब्रू आहे."

खरं तर बाईंनी तिथेच अडवायला हवं होतं. परिपत्रक त्यांना पाठ होतं. पण जीपमधून यंत्र उतरलं, वेशीवर पाच सवाष्णी ताटं घेऊन उभ्या राहिल्या, सरपंचांनी यंत्राच्या नळीला हार घातला आणि तो जरा वाकडा बसला, तेव्हा बाईंचाच हात पुढे झाला आणि त्यांनी हार सरळ केला. वाचलेलं एक असतं आणि हाताला लागलेलं वळण एक. पाहुण्यापुढे फाटकं दाखवू नये, हे त्यांना परिपत्रकाच्या तीस वर्षं आधी शिकवलेलं होतं.

औक्षणाच्या कापरामुळे यंत्रानं पहिलंच वाक्य उच्चारलं, "परिसरात धूर आहे."

गाव ओशाळलं. त्याच दिवशी ग्रामसभेत ठरलं की पाहुणा आहे तोवर चूल कुणी पेटवायची नाही. ज्यांच्याकडे गॅस होता त्यांनी बाकीच्यांच्या भाकऱ्या भाजल्या. रोजची हजेरी पूर्ण दिसावी म्हणून पल्याडची नऊ मुलं एकवीस दिवसांसाठी अलीकडच्या घरांत मुक्कामाला आणली, आणि पाहुण्याचे पाहुणे म्हणून त्यांना सगळ्यात आधी वाढलं. कुणी चिलापी मासे तळले, कुणी अंडी उकडली. सरपंचांनी म्हशीचं दूध शाळेत लावलं. इंगवले गुरुजी संध्याकाळी आठला घंटा घेऊन वाडीत फिरत आणि ओरडत, "झोपा! सगळे झोपा! सकाळी फुंकायचंय!" आयांनी पोरांना रागावायचं बंद केलं. एका बापानं दारू सोडली. एकवीस दिवसांसाठीच, पण सोडली.

"कृपया फुंका," यंत्र म्हणे.

गोदा गाल फुगवून फुंके.

"धन्यवाद. पुढील बालक."

गोदानं बाईंना विचारलं, "बाई, ह्याला काय कळतंय?"

"तुला काय कमी आहे ते कळतं."

गोदानं विचार केला. "मग आत्ता नको बघाय पाहिजे ह्यानं. आत्ता काय बी कमी न्हाय."

बाईंनी परिपत्रक पुन्हा काढून पाहिलं. पण तो अठरावा दिवस होता.

ऑगस्टमध्ये गटशिक्षणाधिकारी तोडकर साहेबांचा फोन आला. "अभिनंदन बाई! चार!"

"चार काय, साहेब?"

"उणीव-अंक. शंभरात चार. राज्यात इतकी सुखी शाळा दुसरी नाही म्हणे. वरून विचारणा झाली, तुम्ही करता काय म्हणून?"

बाई खुर्चीत बसल्या. "साहेब, मुलं ट्यूबवर बसून येतात शाळेत."

"येत असतील. पण मजेत येतात असं दिसतंय."

"फेरमोजणी?"

"सुस्थितीतल्या शाळांची तीन वर्षांनी. लाभार्थी शाळांची दर तिमाहीला. नियमच आहे."

"आणि होडी?"

"ती मंजूर झालीय की!" तोडकर साहेब खूश होऊन म्हणाले. "तालुक्यात एकच प्रस्ताव होता, तो मंजूर. फक्त वस्तू जाते ती सगळ्यात मोठ्या अंकाच्या शाळेला. प्रणालीच जुळवते. त्यात आपला हात नसतो."

बाईंनी बातमी गुरुजींना सांगितली. गुरुजींनी 'राज्यात पहिले' एवढंच ऐकलं, पेढे आणायला पैसे काढले, आणि मग उरलेलं ऐकलं. त्या दिवशी त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा बदलला नाही.

सगळ्यात मोठ्या अंकाची शाळा तीस किलोमीटरवर, घाटाच्या वर, डोंगरावर होती. तिचं नाव इंग्रजीत होतं आणि इतकं लांब, की ते दोन फलकांवर विभागून लिहिलं होतं. घोडे होते, धनुर्विद्या होती, फ्रेंच होतं. फी विचारली तर आधी पाणी देत. उणीव-अंक त्र्याऐंशी.

सप्टेंबरातल्या एका दुपारी बाई आणि गुरुजी गुरुजींच्या स्कूटरवरून तिथे पोचले. होडी समोरच होती. वाहनतळावर, ट्रेलरसकट, दोन मोटारींच्या मध्ये. सभोवार नजर पोचेल तिथपर्यंत कोरडा कातळ. बाईंनी हात लावून पाहिला. बाक बरोबर चौदा जणांचं होतं, त्यांनी प्रस्तावात लिहिलं होतं तेवढंच.

बाकाखालून एक मुलगी उठून बसली. "तुम्ही नवीन काउन्सेलर का?"

"नाही गं. मी होडी बघायला आले. तू इथे काय करतेस?"

"झोपते. मधल्या सुट्टीत. इथे कॅमेरा येत नाही." तिचं नाव सियारा बोरावके होतं, वय अकरा, आणि डोळ्यांखाली तिच्या वयापेक्षा मोठी वर्तुळं होती. पहाटे चारला स्पर्धा परीक्षेचा वर्ग, मग उपाशीपोटी पोहणं, मग शाळा, मग दुसऱ्या स्पर्धा परीक्षेचा वर्ग. जेवणाला वीस मिनिटं.

"मग जेवत नाहीस?"

"वीस मिनिटांत एकच होतं. जेवण नाहीतर झोप."

बाईंनी आपला डबा उघडला. चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. सियारानं दीड चपाती खाल्ली आणि दचकून विचारलं, "यात कॅलरी किती?"

"दीड चपातीच्या," गुरुजी म्हणाले.

प्राचार्या सबनीस मॅडम खूप सभ्य आणि तितक्याच थकलेल्या होत्या. बोलता बोलता त्यांना दोनदा जांभई आली. "यंत्र चुकलं असेल असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "चुकलेलं नाही. मी स्वतः मुलांबरोबर फुंकून पाहिलं. माझा एक्याण्णव आला."

"पालकांना सांगितलंत?"

"अंक तेवढा कळवला. त्यांना वाटलं मार्क आहेत. आता विचारताहेत, उरलेले सतरा कुठे गेले."

मग त्यांनी होडीबरोबर आलेलं पोच-पावतीचं चलन दाखवलं. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'येथे जलाशय नाही. सबब होडी स्वीकारलेली नाही.' खाली सही, शिक्का. पण ट्रेलर घेऊन घाट पुन्हा उतरायला ड्रायव्हरनं नकार दिला होता, म्हणून होडी उभी होती. "कागदोपत्री ती आलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या, "पण रोज एक मोटार तिच्यामुळे उन्हात लागते."

बाईंनी चलन नीट वाचलं आणि परत दिलं. पुढे पाच महिन्यांनी ते त्यांना आठवलं.

होडीचा रस्ता निघाला तो भलतीकडूनच. योजनेत एक कलम होतं, सर्वांत कमी अंकाच्या शाळेनं सर्वांत जास्त अंकाच्या शाळेचं पालकत्व घ्यावं आणि आपल्या सुस्थितीचा लाभ तिला द्यावा. ज्यानं कलम लिहिलं त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उलटं असणार, पण लिहिलं होतं ते असंच. त्यामुळे नवी धोंडेवाडीच्या शाळेला, जिच्या छपराला अजून दोन पत्रे कमी होते, आदेश आला की दर शनिवारी डोंगरावरच्या गरजू बालकांना बोलावून आधार द्यावा. त्याच आदेशात पुढे होतं, 'लाभाचे साहित्य लाभार्थ्यांसोबत राहील.'

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी डोंगरावरून वातानुकूलित बस उतरली, मागे ट्रेलरवर होडी. मोजणीच्या यादीतली सगळी चाळीस गरजू बालकं खाली उतरून रांगेत उभी राहिली आणि वेळापत्रक मागू लागली.

"वेळापत्रक नाही," बाई म्हणाल्या.

पोरं घाबरली. एकीला रडू आलं. मग गोदानं तिला हाताला धरून काठावर नेलं आणि मासा कसा धरायचा ते दाखवलं. दुपारपर्यंत सगळी चिखलात होती, दोनला सगळी जेवली, अडीचला शाळेच्या ओसरीवर चाळीस गरजू बालकं ओळीनं घोरत पडली होती आणि चौतीस सुस्थितीतली बालकं आवाज न करता त्यांच्याकडे बघत होती.

"बाई, ही आजारी हायती का?" गोदानं विचारलं.

"नाही. दमलीत."

"काय काम करत्यात?"



होडी खालीच राहिली. दर आठवड्याला घाटातून ती चढवायला-उतरवायला कुणी तयार नव्हतं, आणि सबनीस मॅडमना वाहनतळ मोकळा हवा होता. गोदाची आई यमुना नगरे हिनं एका सकाळी ती चालवून बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून पल्याडची नऊ मुलं घेऊन वेळेवर यायला लागली. मानधन कुणी दिलं नाही, कारण नसलेल्या होडीला नावाडी कसला? दिवाळी आली. शंकर नगरे शाळेत आले, टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले आणि म्हणाले, "दिवाळीपत्तूर म्हटलं हुतं. आता होळीपत्तूर बघतो." मग जाता जाता, "तशी परीक्षा एप्रिलात असती न्हवं?"

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण लाभार्थी शाळेची मोजणी दर तिमाहीला होती, आणि अंक चाळिसाच्या खाली गेला तर साहित्य परत घ्यायचं होतं. शनिवारची झोप शनिवारपुरती राहिली नाही. डोंगरावरची पोरं पहाटे चारच्या वर्गात उठेनाशी झाली. उठवलं तर म्हणत, "धोंडेवाडीत कुणी उठवत नाही." सबनीस मॅडमनी आठवडाभर झगडून तो वर्गच बंद केला, आणि त्या आठवड्यात त्यांची जांभईही गेली. डिसेंबरात त्यांनी शाळेतच ठेवलेल्या यंत्रावर घरच्या घरी चाचणी घेतली. अंक एक्केचाळीस.

मॅडमनी आनंदानं फोन केला. बाईंनी अभिनंदन केलं, फोन ठेवला, आणि त्यांना कळलं की आपल्याला आनंद झालेला नाही.

हे फार विचित्र होतं. गेले दोन महिने एखादं पोर म्हणे, "मॅम, मला काल झोपच नाही आली," की बाईंच्या मनाच्या एका कोपऱ्यात दिवा लागायचा. एखाद्याच्या बापानं त्याला नव्वद टक्क्यांसाठी कोंडून ठेवलं हे ऐकून त्या हळहळत, आणि हळहळता हळहळता हिशेब करत, की हा एकटाच अर्धा अंक वर ओढेल. गोदा शाळेत यायची तर सियारानं जागं राहायला हवं होतं. यंत्रानं एवढंच शोधून काढलं होतं, बाकी सगळं माणसांनी जुळवलं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी डोंगरावर मोजणी होती; तिमाहीला एकवीस दिवस नाहीत, एकच सकाळ. त्याआधीच्या शुक्रवारी गुरुजी म्हणाले, "बाई, मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. उद्या नुसता गणिताचा पेपर द्यायचा. शंभर मार्कांचा. आणि सांगायचं, निकाल सोमवारी. दोन दिवसांत पोरांचे श्वास असे होतील, की पंचेचाळिसाच्या खाली येतच नाही."

"हे बरोबर आहे का, गुरुजी?"

"बरोबर नाही. पण पेपर आहे, विष नाही. आपणही दिलेत."

बाईंनी पेपर काढला. चाळीस प्रती केल्या. गोदाच्या एका वर्षासमोर चाळीस पोरांचे दोन दिवस, हा अपूर्णांक त्यांनी मनात दहादा मांडून बघितला आणि दहाही वेळा त्याचं उत्तर होडीच्या बाजूनं आलं.

शनिवारी दुपारी त्या गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. होडी काठाला बांधलेली होती. बाकावर सियारा आडवी झाली होती, तोंड उघडं, एक पाय पाण्यात. शेजारी गोदा बसून तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

"बाई, ही घोरती," गोदा कुजबुजली. "सोमवारी मशीनला कळंल का?"

बाई थबकल्या. "तुला कोणी सांगितलं सोमवारचं?"

"गुरुजी आईला सांगत हुते. हातात पेपर हाय न्हवं?" गोदानं गठ्ठ्याकडे पाहिलं. "उठवू?"

पाण्यावर दूर एक जाळं पडलं.

"नको उठवाय," गोदाच म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा. होडी गेली तर बघू. ट्यूब हाय की."

"ट्यूबला छिद्र आहे, गोदा."

"ठिगळ हाय की."

बाई ओसरीवर परतल्या. गुरुजी तिथे चाळीस पोरांसाठी फुटाण्यांचं पोतं सोडत होते. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, हात पुढे करून गठ्ठा घेतला आणि एकेका पेपराचा पुडा वळायला बसले. शंभर मार्कांचा पेपर होता, फुटाणे भरपूर मावले.

सोमवारी अंक अडतीस आला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तोडकर साहेब जीप घेऊन आले, मागे रिकामा ट्रेलर. सकाळचे साडेनऊ वाजले होते. साहेब खुर्चीत बसले, चहा घेतला, फाइल उघडली. "वाईट वाटतं बाई, पण होडी परत न्यावी लागेल. मूळ पावतीचा क्रमांक तेवढा सांगा. त्याशिवाय परतीचा अर्ज उघडत नाही."

"पावती डोंगरावर असेल," गुरुजी म्हणाले.

"तिथूनच आलो. त्यांनी हे दिलं." साहेबांनी चलन काढलं.

बाईंना चलनावरचं सुबक अक्षर लांबूनच ओळखू आलं. "मोठ्यानं वाचता का, साहेब?"

"'येथे जलाशय नाही. सबब होडी स्वीकारलेली नाही.'" साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मग सरळ केला. "म्हणजे होडी आलीच नाही."

"असं दिसतंय."

"न आलेली होडी परत कशी नेणार?"

"तेच म्हणते मी."

तेवढ्यात होडी आली. यमुनाबाईंनी ती काठाला लावली, नऊ मुलं उतरली, आणि गोदा म्हणाली, "आज लई जोरात आणलीस. दगड लागला ना बुडाला."

तोडकर साहेबांनी त्या पिवळ्या रंगाकडे पाहिलं, मग हातातल्या चलनाकडे पाहिलं. "ही मुलं कुठून आली?"

"पल्याडवस्तीतून."

साहेबांनी मोबाइलवर नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. निळा रंग काही संपेना. "इथे वस्ती नाही," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नसलेल्या वस्तीतून, नसलेल्या होडीनं, नऊ मुलं येतात."

"हजेरी शंभर टक्के आहे, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी फाइल बंद केली, उरलेला चहा संपवला आणि उठले. जाताना ते काठापर्यंत गेले, खाली वाकले आणि होडीच्या तळाकडे बघून, कुणाला उद्देशून नव्हे असं, म्हणाले, "गळतेय." मग रिकामा ट्रेलर खडखडत परत गेला.

होडी खरंच गळत होती. दगड लागला होता तिथून, आणि रोज थोडी जास्त. मार्च लागला तसं यमुनाबाई एका हातानं सुकाणू धरत आणि मुलं आळीपाळीनं डब्यांनी पाणी उपसत येऊ लागली. गोदानं हिशेब मांडला होता, एका खेपेत दोनशे दहा डबे. होळीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाई, दोनशे चाळीस झाले." त्याच दिवशी दुधभाते बाईंनी कागद घेतला आणि नववा प्रस्ताव लिहिला. तो असा:

प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती.

विषय: न आलेल्या होडीच्या तळाच्या दुरुस्तीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, या शाळेस कोणतीही होडी प्राप्त झालेली नाही. सदर होडीच्या तळास उजव्या बाजूने एक वीत लांबीची चीर पडलेली असून तीतून पाणी आत येते. अस्तित्वात नसलेल्या वस्तीतील नऊ विद्यार्थी सदर पाणी स्वतः उपसून शाळेत वेळेवर हजर राहतात. तरी होडी आलेली नाही ही नोंद कृपया तशीच कायम ठेवून तिच्या दुरुस्तीस, तसेच नावाडी श्रीमती यमुना शंकर नगरे यांच्या ऑक्टोबरपासूनच्या मानधनास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.

दाखले जोडलेले नाहीत. त्याऐवजी सोबत फुगा एक. त्यात नऊ विद्यार्थ्यांचा पाणी उपसून झाल्यानंतरचा श्वास भरलेला आहे, तो कार्यालयातील यंत्रावर मोजून घ्यावा.

आपली विश्वासू,
कल्याणी दुधभाते, मुख्याध्यापिका

ता. क.: मोजणी झाल्यावर फुगा परत मिळावा, ही विनंती. शाळेकडे एकच आहे.